शाहिराची भाकरी

(नागपूर येथील नंदनवन वसाहतीत कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी संयोजकांनी मला विषय दिला तो 'अमर शेख : शाहीर आणि नट' असा. तो ऐकून आपल्यातीलच एका ज्येष्ठ साथींनी मला विचारले, की शाहिरावर अवश्य बोला, परंतु त्यात चित्रपट कशाला ओढता? दोन-चार चित्रपटांत त्यांनी काम केले असेल, ते पोटासाठी केले असेल. त्यावर बोलण्यासारखे काय आहे?

मला वाटते, आजच्या भाषणाचा खरा विषय ह्या प्रश्नातच आहे. 'पोटासाठी केले असेल' हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! शेतमजुराच्या पोटाचा प्रश्न आपण प्रश्न म्हणून मांडतो, विणकराच्या पोटासाठी मोर्चा काढतो, घरकामगार बाईच्या पगारासाठी ठराव करतो. परंतु शाहिराच्या पोटाचा विषय निघाला, की आपला आवाज किंचित खाली येतो. जणू पोट असणे हा शाहिराचा दोष आहे. अमर शेख ह्यांच्या जीवनाकडे आज मी ह्याच प्रश्नाच्या बाजूने पाहणार आहे.

प्रथम जीवनाची रूपरेषा सांगतो, कारण येथे बसलेल्या तरुणांपैकी अनेकांनी हे नाव फक्त भाषणांच्या ओघात ऐकले असेल. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. घरी गरिबी होती. आई मुनेरबी हिच्या ओठांवर लोकगीते होती आणि गाण्याचा वारसा मुलाला मिळाला तो तिच्याकडून. शाळेत फार काळ रमण्याची चैन परवडणारी नव्हती. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, अशी त्यांची उमेदवारी झाली. बार्शीच्या गिरणी-कामगारांत ते पुढारी झाले, संपात उतरले, तुरुंगात गेले आणि तेथून कम्युनिस्ट विचारांकडे वळले.

आणि आता लक्षात घ्या, की ह्या माणसाचा चित्रपटाशी संबंध आला तो प्रसिद्धीनंतर नव्हे, तर प्रसिद्धीच्या फार आधी. पोटाच्या शोधात ते कोल्हापूरला गेले व मास्टर विनायक ह्यांच्या स्टुडिओत काम करू लागले. कोल्हापूर हे त्या वेळी मराठी चित्रपटाचे मोठे केंद्र होते. मेहबूब पटेलचा 'अमर शेख' झाला तो ह्याच काळात. म्हणजे पुढे ज्या नावाने महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, ते नाव त्यांना गिरणीत मिळाले नाही, तुरुंगातही मिळाले नाही. ते चित्रपटसृष्टीच्या अंगणात मिळाले. तेव्हा चित्रपट हा त्यांच्या आयुष्यातील आडवाट होता, असे म्हणणाऱ्यांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे, की वाटेच्या आरंभीच तो उभा होता.

त्यानंतरचा काळ आपणांस अधिक परिचित आहे. १९४३ साली मुंबईत इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली, आणि त्याच सुमारास अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर हे तिघे एकत्र येऊन लाल बावटा कलापथक उभे राहिले. ह्या पथकाने तमाशाचा जुना साचा घेतला, परंतु त्यातील आशय पालटला. पूर्वी गणात गणपतीला वंदन होई. येथे मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमणाऱ्या हातांना वंदन होऊ लागले. गवळणीतील थट्टा मागे पडली. वगात राजाराणीच्या जागी सावकार, काळाबाजारवाला, गिरणीमालक आणि कामगार आले. सत्ताधाऱ्यांना ह्या पथकाचे सामर्थ्य पुरेपूर कळले होते. म्हणून तर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी घालावी एवढे भय ज्या कलेचे सरकारला वाटते, त्या कलेला आणखी कोणत्या प्रशस्तिपत्राची गरज नसते.

ह्या तिघांत शब्दांचे मोठे भांडार अण्णाभाऊंचे. अमर शेख ह्यांचे भांडार गळ्यात होते. हातात डफ, अंगात सदरा आणि पहाडी आवाज, हे त्यांचे वर्णन त्यांना ऐकलेला जवळजवळ प्रत्येक माणूस करीत असे. परंतु केवळ गाणारा गळा म्हणून त्यांची गणना करणे अन्यायाचे होईल. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह आहेत. 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक १९५१ सालचे आहे. आचार्य अत्रे ह्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी गावोगाव डफ वाजविला. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा त्यांनी कार्यक्रम करून संरक्षण निधी गोळा केला. दुसऱ्यांसाठी निधी गोळा करणे हे ह्या माणसाचे जणू कामच झाले होते. स्वतःसाठी मात्र त्याने कधी झोळी फिरविली नाही.

येथे नागपूरकर श्रोत्यांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती मी टाळणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या शाहिराचे कौतुक नागपुरात का करावे? १९५६ साली राज्य-पुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपद गेले. १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनांचा हिशेब आजही येथे मागितला जातो. वेगळ्या विदर्भाची इच्छा बाळगणारे साथी ह्या सभेतही आहेत. त्यांना माझे उत्तर एवढेच, की राज्याच्या सीमेविषयी आपण अमर शेख ह्यांच्याशी मतभेद जरूर ठेवावा. परंतु ज्या माणसाने गिरणीच्या सायरनवर आयुष्य सुरू केले, त्याचा आवाज ज्या शहरात १८७७ पासून एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत होता आणि २००२ साली तो कायमचा बंद झाला, त्या शहराला परका कसा असेल? शाहीर एखाद्या मागणीचा असतो, तसाच तो एका वर्गाचाही असतो. मागण्या मान्य होतात, फसतात किंवा बदलतात. वर्गाचे दुःख मात्र नागपूरचे वेगळे आणि बार्शीचे वेगळे, असे नसते.

आता चित्रपटाकडे येऊ. अमर शेख ह्यांच्या दोन भूमिकांचा मी येथे उल्लेख करतो. पहिली अत्रे ह्यांच्या 'महात्मा फुले' ह्या १९५४ सालच्या चित्रपटातील. ज्योतिबांची भूमिका बाबूराव पेंढारकरांनी व सावित्रीबाईंची सुलोचनाबाईंनी केली होती. त्याच चित्रपटात आमचा हा शाहीरही होता. ह्याविषयी कोणाला आक्षेप असण्याचे कारण नाही, कारण विषयच आपल्या श्रद्धेचा होता.

दुसरी भूमिका अधिक महत्त्वाची. १९६१ साली 'प्रपंच' हा चित्रपट आला. कथा ग. दि. माडगूळकरांची, दिग्दर्शन मधुकर पाठक ह्यांचे, संगीत सुधीर फडके ह्यांचे. त्यात अमर शेख ह्यांनी एक गरीब कुंभार उभा केला. घरात लेकरांची रांग, डोक्यावर कर्ज, चाकावर फिरणारी माती आणि ती फिरवून फिरवून थकलेला माणूस. समोर पुन्हा सुलोचनाबाई. ज्यांनी हा चित्रपट पाहिला असेल, त्यांना तो कुंभार आठवत असेल.

ह्या भूमिकेत एक विलक्षण गोष्ट आहे. मैदान हलवून सोडणारा हा माणूस पडद्यावर आला तो दबलेला, मुकाट्याने सोसणारा माणूस होऊन. महाराष्ट्राच्या ओठांवर राहिलेले त्या चित्रपटातील कुंभाराचे आणि विठ्ठलाचे गीत फडके ह्यांच्या आवाजातील आहे. ते गीत अप्रतिम आहे, ह्याविषयी वाद नाही. परंतु मला त्यात त्या काळाचा एक नियम दिसतो. चित्रपटाला अमर शेख ह्यांचा चेहरा हवा होता, त्यांच्या अंगावरचे श्रमाचे वळण हवे होते. मैदानातला तो गळा त्याला तितकासा नको होता.

ह्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. दोन कलांची रीतच भिन्न आहे. शाहीर एकटा गात नाही. तो ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात, समोरचा समुदाय हुंकार देतो आणि त्या हुंकारावर शाहीर पुढची ओळ चढवितो. श्रोते थंड पडले तर तो कडवे गाळतो, तापले तर तेच कडवे पुन्हा घेतो, मध्येच त्या गावच्या सावकाराचा चिमटा काढतो. चित्रपटात गाणे आधी बंद खोलीत ध्वनिमुद्रित होते आणि मग तुकड्या-तुकड्यांनी चित्रित होते. समोर समुदाय नसतो. कॅमेरा असतो, आणि कॅमेरा हुंकार देत नाही. मैदानावरच्या माणसाला ज्या सवयींनी मोठे केले, त्या सगळ्या सवयी येथे सोडाव्या लागतात. हात आवरावा लागतो, आवाज खाली आणावा लागतो, डोळ्यांनी बोलावे लागते. अमर शेख ह्यांनी हे साधले, म्हणूनच तो कुंभार खरा वाटला. तेव्हा 'पोटासाठी केले' एवढे म्हणून ती भूमिका निकालात काढणे हे त्यांच्या कष्टांविषयीचे अज्ञान आहे. पोटासाठी केलेले कामही उत्तम करता येते, हे कामगार-चळवळीतील माणसांना तरी वेगळे सांगावे लागू नये.

आणि तरीही हे खरे, की ह्या भूमिकांनी त्यांचे जीवन स्थिर केले नाही. चित्रपटसृष्टीत ते पाहुणेच राहिले. त्यांचे मन गावोगावच्या कार्यक्रमांत होते आणि त्यांचा अंतही रस्त्यावरच झाला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार-अपघातात ते गेले. वय ५२. त्या वर्षीचे ते तीन महिने आठवा. १३ जून रोजी अत्रे गेले. १८ जुलै रोजी अण्णाभाऊ गेले. त्यांनी पन्नाशीही पाहिली नाही. आणि ऑगस्ट संपता संपता अमर शेख. एका पावसाळ्यात महाराष्ट्राचे तीन मोठे आवाज बंद झाले.

अण्णाभाऊंनी घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत वर्षानुवर्षे काढली, आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. अमर शेख ह्यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे. पुतळा व्हावा, अध्यासन व्हावे. त्याला माझा विरोध नाही. परंतु पुतळ्याला भाकरी लागत नाही, म्हणूनच तो उभारणे सोपे असते, ही गोष्ट आपण विसरू नये.

हा प्रश्न केवळ लाल बावट्याखालच्या शाहिरांचा आहे, असे समजून आपण समाजवाद्यांनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक हे आपले. त्या पथकातून निळू फुले आले, राम नगरकर आले, दादा कोंडके आले. निळूभाऊ तरुणपणी पुण्यात माळीकाम करीत आणि सेवा दलात नाटके करीत. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून ते पडद्यावर आले. पुढे खलनायक म्हणून त्यांची अशी ख्याती झाली, की खेड्यातील बाया त्यांना पाहून पदर सावरीत, असे गमतीने सांगितले जाई. दादा कोंडके ह्यांचा 'सोंगाड्या' १९७१ साली आला. ह्या मंडळींविषयी आपल्या वर्तुळात त्या वेळी काय बोलले गेले, ते जुन्या साथींनी मनाशी आठवावे. 'गेला तो धंद्याला लागला.' 'तत्त्व सोडले.' असेच ना?

आणि आता एक प्रसंग सांगतो, जो माझ्या मते आपल्या चळवळीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. कल्पना अशी, की जे कार्यकर्ते पूर्ण वेळ समाजाचे काम करतात, त्यांना दरमहा थोडे का होईना मानधन मिळावे. पैसा कोठून आणायचा? डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांचे सहकारी नट-नटी पुढे आले. अत्रे ह्यांचे 'लग्नाची बेडी' हे नाटक घेऊन ते गावोगाव फिरले, प्रयोगांचे उत्पन्न निधीला दिले आणि त्या निधीच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले.

साथींनो, ह्या घटनेचा अर्थ नीट पाहा. ज्यांना आपण 'धंद्याला लागलेले' म्हटले, त्यांनी आपल्या धंद्यातून कमावलेली लोकप्रियता आणून कार्यकर्त्याच्या ताटात भाकरी वाढली. कार्यकर्त्यालाही पोट असते, हे कलावंताला कळले. कलावंतालाही पोट असते, हे कार्यकर्त्याला कधी कळले? कलावंतांसाठी असा निधी उभारायला आपण कधी बाहेर पडलो?

हा प्रश्न महाराष्ट्रापुरताही नाही. आयर्लंडमध्ये रस्त्यावर उभे राहून गाण्याची जुनी परंपरा आहे. ग्लेन हॅन्सार्ड ह्या डब्लिनच्या गायकाने तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि तो शहरातील ग्राफ्टन स्ट्रीटवर गाऊ लागला. १९९१ साली 'द कमिटमेंट्स' ह्या चित्रपटात त्याने गिटारवादकाचे काम केले. पुढे 'वन्स' हा अगदी थोड्या पैशांत काढलेला चित्रपट आला. त्यात तो रस्त्यावरच्या गायकाच्याच भूमिकेत होता, आणि गायला तो स्वतःच्याच आवाजात. त्यातील गाण्याला २००८ साली ऑस्कर मिळाले. परंतु मला त्याचे नाव घ्यावेसे वाटते ते त्यानंतरच्या घटनेसाठी. २०१६ च्या डिसेंबरात डब्लिनमधील अपोलो हाऊस ही रिकामी इमारत काही कार्यकर्त्यांनी बेघरांसाठी ताब्यात घेतली, तेव्हा हा ऑस्करवाला गायक त्यांच्यात उभा होता. चित्रपटाने त्याला रस्त्यापासून तोडले नाही. किंबहुना त्याच्या नावामुळे ती इमारत जगाच्या बातम्यांत आली. पडद्यावर गेलेला गायक चळवळीला मुकतोच, असा नियम नाही. परत येण्यासाठी चळवळीने दार उघडे ठेवले पाहिजे, एवढीच अट आहे.

आपल्या नागपूरकडे पाहा. २०१४ साली चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' हा चित्रपट आला. व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला आणि पुढे त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा नायक कोण? नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई-कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याला न्यायालयात खेचले जाते. ही भूमिका केली ती आपल्याच शहरातील वीरा साथीदार ह्यांनी. ते कवी होते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते, चळवळीचे कार्यकर्ते होते. व्यवसायाने नट नव्हते. गाण्यांची रचना संभाजी भगत ह्यांची. १९६१ च्या चित्रपटात शाहिराला कुंभार व्हावे लागले होते. ५३ वर्षांनी शाहीर शाहीर म्हणूनच पडद्यावर आला, आणि तो नागपूरचा होता.

१३ एप्रिल २०२१ रोजी करोनाने साथीदारांना ह्याच शहरात नेले. जगभर पाहिल्या गेलेल्या चित्रपटाचा हा नायक आपल्या शहरात वावरत असताना आपण त्यांना किती वेळा बोलाविले, आणि बोलाविले तेव्हा रिकाम्या हाराशिवाय काय दिले, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

ह्याच नागपूरने आणखी एका शाहिराचा शेवट पाहिला आहे. विठ्ठल उमप, 'जांभूळ आख्यान' गाजविणारे, अनेक चित्रपटांत दिसलेले, २६ नोव्हेंबर २०१० रोजी दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात मंचावरच कोसळले. त्या वेळी त्यांचे वय ७९ होते. ह्या वयात मंचावर मरण येणे भाग्याचे, असे आपण म्हणतो. म्हणावे. परंतु ७९ व्या वर्षीही कोणा शाहिराला केवळ पोटासाठी मंचावर उभे राहावे लागू नये, अशी व्यवस्था करणे हेही समाजवाद्याचेच काम नव्हे काय?

कोणी म्हणेल, गरीब चळवळीने कलावंताला पैसे कोठून द्यावे? ह्याचे उत्तर आपल्या पूर्व विदर्भातच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या धानाच्या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी जिवंत आहे. धान घरात आले, की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे ठाणे. गावकरी मंडळीला बोलावितात, मंडप घालतात, तिकिटे लावतात. रात्रभर नाटक चालते आणि नट, गायक, ऑर्गन-तबलावाले ह्यांना त्यांचा ठरलेला मोबदला मिळतो. सरकारने २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे ह्यांना पद्मश्री दिली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या भागातील शेतकऱ्याने आपल्या कलावंताला पैसे मोजून दिले आहेत. आपल्या सभेला येणाऱ्या माणसापेक्षा तो शेतकरी श्रीमंत नाही. फरक एवढाच, की नाटक फुकट असते असे त्याला कोणी शिकविलेले नाही.

शेवटी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी १ मे रोजी आम्ही ह्याच नंदनवन भागात, जगनाडे चौकापासून फार दूर नाही अशा ठिकाणी सभा घेतली होती. जवळच्या वस्तीतील एक तरुण ढोलकी वाजवायला आला. बोटांत मोठी जादू होती. तीन तास त्याने सभा धरून ठेवली. मी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पाठ थोपटली. लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ आला व हळूच म्हणाला, "काका, आज माझा खाडा झाला. काही होईल का?" मी त्याला म्हणालो, "बाबा, हे चळवळीचे काम आहे." तो काही बोलला नाही. ढोलकी खांद्याला अडकवून निघून गेला.

त्या दिवशी मी कोणत्या विषयावर भाषण केले होते? किमान वेतनावर.

पुढे तो लग्नसमारंभांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. एका चित्रपटाच्या चित्रीकरणातही तो गर्दीत ढोलकी घेऊन उभा होता, असे कळले. आम्ही बोलाविले तर त्याला सवड नसे. आमच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, "पोरगा बाजारू झाला." मी त्या वेळी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याची लाज मला आज वाटते. त्याला बाजारात ढकलले ते बाजाराने नव्हे, आम्ही ढकलले.

म्हणून मी आज अमर शेख ह्यांच्या नावाने जयजयकार मागत नाही. तीन साध्या गोष्टी मागतो.

एक : आपल्या कोणत्याही सभेत, मेळाव्यात, शिबिरात जो गातो किंवा वाजवितो, त्याच्या मानधनाची रक्कम मंडप आणि ध्वनिक्षेपक ह्यांच्या खर्चाबरोबरच अंदाजपत्रकात आधी लिहावी. मंडपवाल्याला आपण 'चळवळीचे काम आहे' असे सांगत नाही. रक्कम लहान असेल. लहान असू द्या. परंतु ती हक्काची असावी, उपकाराची नसावी. ज्याला ती नको असेल, त्याने ती घेऊन परत निधीत टाकावी; तो निर्णय त्याचा, आपला नव्हे.

दोन : ज्यांच्या घरी जुन्या शाहिरांच्या गाण्यांच्या वह्या आहेत, ध्वनिफिती आहेत, ज्यांच्या आई-आजीच्या स्मरणात ती गाणी अजून आहेत, त्यांनी ती ह्या वर्षी ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. आज हे काम खिशातल्या दूरध्वनीवर होते. त्याला स्टुडिओ लागत नाही, लागतो तो एक रविवार. मात्र गाणाऱ्याचे नाव, गाव आणि गाणे कोणाचे, हे त्याबरोबर लिहून ठेवावे. बिननावाचे गाणे कोणीही उचलून विकतो.

तीन : आपल्यातील कोणी चित्रपटात, दूरचित्रवाणीवर किंवा वाद्यवृंदात गेला, तर त्याच्याविषयी हिणकस बोलणे बंद करावे. त्याने तेथे काय केले, कोणाच्या बाजूने केले, हे अवश्य तपासावे, टीकाही करावी. परंतु तो गेला कशासाठी, ह्याची टिंगल करण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने त्याच्या घरी एकदा तरी धान्य पोहोचविले आहे.

ज्या ज्येष्ठ साथींनी मला सुरुवातीला प्रश्न विचारला, ते समोरच बसले आहेत. त्यांना मी आदराने सांगतो, की होय, अमर शेख ह्यांनी चित्रपटात काम केले ते पोटासाठीही केले. आणि पोटासाठी काम करणाऱ्या माणसांचाच आपला पक्ष आहे.

तो ढोलकीवाला तरुण आज सभेला आलेला नाही. मी काल त्याच्या घरी गेलो होतो. त्याला म्हटले, येत्या १ मे रोजी ये, आणि ह्या वेळी आधी काय घेणार ते सांग. तो हसला व म्हणाला, "काका, आधी रक्कम सांगा, मग बघतो."

त्याने अगदी योग्य उत्तर दिले. ती रक्कम किती असावी, हे ठरविण्यासाठी आजची बैठक भाषणानंतर थोडा वेळ चालावी, अशी माझी विनंती आहे.